लंडनच्या शाळा-मंडळावर ॲनी बेझंट

ॲनी बेझंट हे नाव उच्चारले की भारतीय वाचकाच्या डोळ्यांपुढे एक परिचित चित्र उभे राहते. शुभ्र वस्त्रे परिधान केलेली एक वृद्ध विदुषी, अड्यार येथील थिऑसॉफिकल सोसायटीचे आवार, काशीचे सेंट्रल हिंदू कॉलेज, होमरूलची चळवळ आणि १९१७ च्या कलकत्ता काँग्रेसचे अध्यक्षपद. काँग्रेसच्या अध्यक्षपदी निवडून आलेल्या त्या पहिल्या महिला होत, हेही बहुतेकांना ठाऊक असते. परंतु भारतभूमीवर पाऊल ठेवण्यापूर्वी पाच वर्षे त्यांनी एक वेगळी निवडणूक लढविली आणि जिंकली होती. ती होती लंडनच्या शाळा-मंडळाची. एका राष्ट्रीय सभेच्या अध्यक्षपदापुढे मंडळाचे सभासदत्व लहान वाटेल. तथापि ज्या स्त्रीला स्वतःचे मूल वाढविण्यास न्यायालयाने अपात्र ठरविले होते, तिच्या हाती लंडनच्या सर्वांत गरीब वस्तीने आपल्या मुलांच्या शाळा सोपविल्या, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या निवडणुकीचे मोल कळते.

ॲनी वुड यांचा जन्म १ ऑक्टोबर १८४७ रोजी लंडन येथे झाला. पाच वर्षांच्या असतानाच त्यांचे पितृछत्र हरपले. घरची स्थिती बेताची झाली. आईने हॅरो येथील प्रसिद्ध शाळेतील मुलांसाठी वसतिगृह चालवून संसार सावरला. ॲनीच्या शिक्षणाचा प्रश्न एलन मॅरियट या बाईंनी सोडविला. सुप्रसिद्ध कादंबरीकार कॅप्टन मॅरियट यांच्या त्या भगिनी. स्वतःच्या भाचीबरोबर त्यांनी ॲनीलाही आपल्या घरी ठेवून घेतले आणि शिकविले. त्यांची पद्धत त्या काळी अपूर्वच म्हणावी लागेल. व्याकरणाचे नियम घोकून घेण्याऐवजी त्या मुलींना पत्रे लिहावयास सांगत. फिरावयास गेल्यावर काय पाहिले, काय वाचले, ते आपल्या शब्दांत लिहावे आणि मग त्यातील चुका समजून घ्याव्यात, असा त्यांचा परिपाठ होता. पाहणे, विचार करणे आणि निर्भयपणे मांडणे ही सवय ॲनीला या घरातच लागली.

वयाच्या विसाव्या वर्षी, १८६७ साली, फ्रँक बेझंट या धर्मोपदेशकाशी त्यांचा विवाह झाला. डिग्बी आणि मेबल ही दोन अपत्ये झाली. मेबल तान्ही असताना आजाराने मरणाच्या दारी गेली होती. निष्पाप जिवाच्या त्या यातना पाहून ईश्वराच्या दयाळूपणाविषयी ॲनीच्या मनात शंका उत्पन्न झाली आणि ती पुढे वाढतच गेली. धर्मोपदेशकाच्या घरात अशा शंकेला थारा मिळणे कठीण होते. १८७३ साली पतिपत्नी विभक्त झाली. कायदेशीर करारानुसार मुलगा वडिलांकडे राहिला व मुलगी आईकडे आली.

पुढील वर्षी बेझंटबाई चार्ल्स ब्रॅडलॉ यांच्या राष्ट्रीय धर्मनिरपेक्ष सभेत दाखल झाल्या. हे तेच ब्रॅडलॉ, जे पुढे भारताचे कैवारी म्हणून १८८९ च्या मुंबई काँग्रेसला उपस्थित राहिले. १८७७ साली या दोघांनी संततिनियमनावरील एक जुनी पुस्तिका मुद्दाम पुन्हा छापली. गरीब कुटुंबांना हे ज्ञान मिळाले पाहिजे, अशी त्यांची धारणा होती. त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि शिक्षाही झाली. अपिलात तांत्रिक कारणावरून ती रद्द ठरली. परंतु खरा घाव त्यानंतर बसला. १८७८ साली पतीने मुलीच्या ताब्यासाठी न्यायालयात धाव घेतली. बेझंटबाईंनी आपली बाजू स्वतः उभे राहून मांडली. आईने मुलीची आबाळ केली, असे कोणी दाखवू शकले नाही. तरीही नास्तिक आणि अशा पुस्तिकेची प्रकाशक असलेली स्त्री मुलीच्या संगोपनास योग्य नाही, असा निर्णय झाला. आठ वर्षांचीही न झालेली मेबल आईपासून दूर नेण्यात आली.

या आघाताने बाई काही काळ आजारी पडल्या. बऱ्या झाल्यावर त्यांनी अभ्यासात मन गुंतविले. लंडन विद्यापीठाने नुकतीच स्त्रियांना पदवी परीक्षांची दारे उघडली होती. त्यांनी विज्ञानाचा अभ्यास आरंभिला, शासकीय विज्ञान विभागाच्या अनेक परीक्षा उत्तम रीतीने दिल्या आणि ब्रॅडलॉ यांच्या कन्यांसमवेत कामकऱ्यांसाठी संध्याकाळचे विज्ञानवर्ग चालविले. १८८३ साली एका नामांकित महाविद्यालयाने वनस्पतिशास्त्राच्या वर्गात त्यांना प्रवेश नाकारला. पदवी त्यांच्या हाती अखेरपर्यंत आली नाही. शाळा-मंडळाच्या निवडणुकीस उभे राहताना त्यांच्यापाशी शिक्षणाविषयीची भाडोत्री मते नव्हती. शिकण्याची ओढ, शिकविण्याचा अनुभव आणि दार बंद होण्याचे दुःख या तिन्ही गोष्टी त्यांनी स्वतः भोगलेल्या होत्या.

शाळा-मंडळ म्हणजे काय, हे येथे थोडे उलगडून सांगणे आवश्यक आहे. १८७० च्या प्राथमिक शिक्षण कायद्याने इंग्लंडमध्ये, जेथे शाळा अपुऱ्या असतील तेथे, लोकनियुक्त मंडळे स्थापण्याची तरतूद केली. करदात्यांनी सभासद निवडावेत, मंडळाने स्थानिक करातून शाळा बांधाव्यात व चालवाव्यात, अशी ही योजना होती. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली आपल्याकडे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हा ज्या परदेशी कायद्यांचा आधार घेतला त्यांत हा कायदा होता. त्याचे एक वैशिष्ट्य फार महत्त्वाचे. स्त्रियांना संसदेसाठी मताधिकार मिळण्यास अजून जवळजवळ अर्धशतक अवकाश होता. परंतु शाळा-मंडळासाठी करदात्या स्त्रियांना मत देता येत होते आणि उमेदवार म्हणूनही उभे राहता येत होते. लंडनच्या १८७० मधील पहिल्याच निवडणुकीत डॉक्टर एलिझाबेथ गॅरेट आणि स्त्रीशिक्षणाच्या पुरस्कर्त्या एमिली डेव्हिस या दोघी निवडून आल्या होत्या. पुढे तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल यांच्या सावत्र कन्या हेलन टेलर यांनीही काही वर्षे हे काम केले.

निवडणूक दर तीन वर्षांनी होई. सभासदांना वेतन नसे. मतदानाची पद्धत मात्र आगळी होती. एका विभागातून जितके सभासद निवडावयाचे, तितकी मते प्रत्येक मतदाराला मिळत. ती त्याने निरनिराळ्या उमेदवारांना वाटावीत किंवा सर्वच्या सर्व एकालाच द्यावीत. या सवलतीमुळे अल्पसंख्य गटालाही आपला माणूस निवडून आणता येई. विविध पंथांच्या चर्चसंस्थांनी या पद्धतीचा पुरेपूर उपयोग केला. परिणामी निवडणुकीतील वाद बहुधा एकाच विषयाभोवती फिरे. शाळेत बायबल किती शिकवावे, कोणी शिकवावे आणि कोणत्या पंथाच्या दृष्टीने शिकवावे?

या वादाच्या धुरळ्यात शाळेत बसलेले मूल दिसेनासे झाले होते. लंडनच्या पूर्व भागातील टॉवर हॅम्लेट्स हा गोदी कामगार, हातमाग विणकर, शिंपीकाम करणारे आणि परदेशातून आलेले निर्वासित यांचा विभाग. १८८० च्या कायद्याने मुलांना शाळेत पाठविणे सक्तीचे झाले होते. मूल गैरहजर राहिले तर आईबापांना दंड होई. त्याच वेळी शाळेची साप्ताहिक फीदेखील द्यावी लागे. ज्यांच्या घरी दोन वेळची चूल पेटण्याची शाश्वती नाही, त्यांना काही पेनी भरणेही जड जाई. भरीस भर म्हणजे शाळांना सरकारी अनुदान मिळे ते मुलांच्या परीक्षेतील यशावर. इन्स्पेक्टर येणार म्हणून उपाशी पोटी मुलांकडून पाठांतर करून घेतले जाई. १८८४ साली डॉक्टर क्राइटन-ब्राउन यांनी लंडनच्या शाळांतील अभ्यासाच्या ताणाविषयी अहवाल दिला, त्यात त्यांनी या मुलांच्या भुकेकडेही लक्ष वेधले होते.

बेझंटबाई या वस्तीत अपरिचित नव्हत्या. एव्हाना त्या समाजवादी विचाराच्या फेबियन सोसायटीच्या सभासद झाल्या होत्या. १८८८ च्या जून महिन्यात त्यांनी आपल्या छोट्या साप्ताहिकात बो भागातील काडेपेट्यांच्या कारखान्यातील मुलींच्या स्थितीवर लेख लिहिला. तुटपुंजी मजुरी, क्षुल्लक कारणावरून होणारे दंड आणि फॉस्फरसच्या विषारी हवेत घ्यावी लागणारी भाकरी, हे त्यांनी जगासमोर आणले. जुलैमध्ये सुमारे १४०० स्त्रिया व मुली काम सोडून बाहेर पडल्या. संप त्या मुलींनी स्वतःच्या धैर्याने केला. निधी जमविणे, वृत्तपत्रांतून बाजू मांडणे, संसदेपर्यंत शिष्टमंडळ नेणे ही कामे बाईंनी अंगावर घेतली. दोन-तीन आठवड्यांतच दंड रद्द झाले, जेवणासाठी वेगळी खोली मिळाली आणि मुलींची संघटना उभी राहिली. या मुली काल-परवापर्यंत शाळेत जाणाऱ्याच होत्या. कारखान्यातील दारिद्र्य आणि वर्गातील उपासमार ही एकाच घरातून निघालेली दोन दुःखे आहेत, ही गोष्ट बाईंच्या ध्यानात आली असल्यास नवल नाही.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात शाळा-मंडळाची निवडणूक आली आणि टॉवर हॅम्लेट्समधून ॲनी बेझंट यांनी उमेदवारी जाहीर केली. त्यांचा जाहीरनामा त्या काळच्या मतदाराला चकित करणारा होता. प्राथमिक शिक्षण निःशुल्क असावे. भुकेल्या मुलाला शाळेत निदान एक वेळचे जेवण मिळावे. शाळेतील शिक्षण कोणत्याही पंथाच्या बंधनापासून मुक्त असावे. आणि मंडळाची कामे घेणाऱ्या कंत्राटदारांनी कामगारांना संघटनांनी मान्य केलेली मजुरी द्यावी. यांतील पंथमुक्तीची मागणी वादाला नवी नव्हती. परंतु अन्न, फी आणि मजुरी हे विषय शाळेच्या निवडणुकीत अग्रभागी आणणे, ही बाब नवीन होती.

प्रचार जोरात झाला. केसांत लाल फीत बांधून बाई वस्तीतून गाडीने फिरत आणि सभांमागून सभा घेत. त्यांच्या वक्तृत्वाची कीर्ती आधीच सर्वत्र पसरली होती. विरोधकही स्वस्थ नव्हते. अकरा वर्षांपूर्वीचा खटला पुन्हा उकरून काढण्यात आला. जी नास्तिक आहे, जिचे स्वतःचे मूल न्यायालयाने काढून घेतले, तिच्या हाती मुलांचे शिक्षण कसे द्यावे, या प्रश्नाला मतदारांना सामोरे जावे लागले. याच्या अगदी उलट दृश्य शेजारच्या हॅकनी विभागात होते. तेथे स्ट्युअर्ट हेडलॅम नावाचे श्रद्धाळू पाद्री जवळजवळ याच मागण्या घेऊन उभे होते. देव मानणारा आणि न मानणारी, दोघेही भुकेल्या मुलाच्या बाजूला एकत्र आले, हे पाहून पंथांच्या नावाने मते मागणाऱ्यांची अडचण झाली असेल.

निकाल लागला तेव्हा टॉवर हॅम्लेट्समध्ये बेझंटबाई १५ हजारांहून अधिक मते मिळवून सर्व उमेदवारांत पहिल्या आल्या. एका मतदाराला अनेक मते असल्याने हा आकडा मतदारांच्या संख्येचा नव्हे, हे खरे. पण एका नास्तिक, पतीपासून विभक्त आणि वादग्रस्त स्त्रीवर आपली मते एकवटण्यास हजारो करदाते तयार झाले, हेही तितकेच खरे. ज्या काडेपेटीवाल्या मुलींसाठी त्या झगडल्या, त्यांपैकी बहुतेकींना करदात्या नसल्यामुळे मत नव्हते. मते दिली ती त्यांच्या आईबापांनी, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी, छोट्या दुकानदारांनी. हेडलॅमही हॅकनीतून निवडून आले.

मंडळाच्या सभागृहात या दोघांचा पक्ष अल्पमतात होता. सभा, समित्या, शाळांच्या भेटी, अर्ज, तक्रारी असे हे काम मोठे चिकाटीचे होते. त्यात टाळ्या मिळत नसत. पहिले यश लवकरच पदरी पडले. १८८९ च्या आरंभी मंडळाने ठराव केला की, जे कंत्राटदार योग्य मजुरी देतात त्यांनाच मंडळाची कामे द्यावीत. इंग्लंडातील सार्वजनिक संस्थांनी केलेल्या अशा आरंभीच्या ठरावांपैकी हा एक होय. शाळेच्या भिंती उभारणाऱ्या गवंड्याची मुले त्याच शाळेत उपाशी बसू नयेत, हा त्यामागचा साधा न्याय होता. भुकेच्या प्रश्नावर मंडळाने त्याच वर्षी चौकशी केली. लंडनच्या मंडळशाळांतील ४० हजारांहून अधिक मुले नेहमीच अर्धपोटी शाळेत येतात आणि त्यांपैकी निम्म्यांपर्यंतही मदत पोहोचत नाही, असे तीत आढळून आले. आजवर दानशूरांच्या मर्जीवर सोडलेला विषय मंडळाच्या कागदावर आकड्यांसह आला. फीचा प्रश्न १८९१ साली संसदेने सोडविला. सरकारने प्रत्येक मुलामागे वर्षाला दहा शिलिंग अनुदान देऊ केले आणि बहुतेक प्राथमिक शाळांतून फी नाहीशी झाली. या सर्वांचे श्रेय एकट्या बेझंटबाईंना देणे अयोग्य ठरेल. अनेकांचे परिश्रम त्यामागे होते. त्यांनी हे प्रश्न मतपेटीपर्यंत नेले आणि मतदार त्यांवर मत देतात हे सिद्ध केले, एवढे मात्र निश्चित म्हणता येते.

मंडळावर असतानाच त्यांच्या आयुष्याने वेगळे वळण घेतले. १८८९ साली मादाम ब्लॅव्हॅट्स्की यांच्या ग्रंथाचे परीक्षण लिहिण्याच्या निमित्ताने त्या थिऑसफीकडे आकृष्ट झाल्या. जुने सहकारी दुखावले. मुदत संपल्यावर १८९१ साली त्यांनी मंडळाचा निरोप घेतला. हेडलॅम यांनी १९०४ साली लंडनचे शाळा-मंडळ विसर्जित होईपर्यंत काम चालू ठेवले. शालेय भोजनाचा कायदा संसदेने १९०६ साली संमत केला. टॉवर हॅम्लेट्समधील तो जाहीरनामा तोवर अठरा वर्षांचा झाला होता. आज आपल्या शाळांतील मुले मध्यान्ह भोजनाला पंगतीत बसतात, तेव्हा अन्न आणि अक्षर यांची ही सांगड घालण्यासाठी कोठे कोठे झगडावे लागले, याची आठवण व्हावी.

१८९३ मध्ये बेझंटबाई भारतात आल्या आणि हाच देश त्यांनी आपला मानला. १८९८ साली काशीला सेंट्रल हिंदू कॉलेज सुरू झाले. काशीनरेशांनी त्यासाठी वास्तू दिली. १९०४ मध्ये मुलींसाठीही शाळा निघाली. पुढे पंडित मदनमोहन मालवीय यांच्या हिंदू विश्वविद्यालयाचे बीज म्हणून ही संस्था अर्पण करण्यात आली. लंडनमध्ये शाळेतून धर्मशिक्षण दूर ठेवावे म्हणणाऱ्या बाईंनी काशीत मात्र धर्मशिक्षणाला अभ्यासक्रमात स्थान दिले. हा बदल त्यांनी कधी लपविला नाही.

त्यांच्या शिक्षणविचारातील एक उणीव मात्र सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. १९०९ साली अस्पृश्य वर्गाच्या उद्धारावर लिहिताना त्यांनी या मुलांना इतरांच्या शाळेत एकत्र बसविण्यास विरोध दर्शविला. त्यांच्यासाठी निराळ्या शाळा असाव्यात, असे प्रतिपादन केले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पुढे आपल्या ग्रंथात या लेखाची दखल घेतली आणि त्यातील विचार वाचकांपुढे ठेवला. लंडनच्या गलिच्छ वस्तीतील मूल कोणाच्याही शेजारी बसण्यास पात्र आहे, असे मानणाऱ्या बाईंना भारतातील तशाच मुलाविषयी तो न्याय लावता आला नाही. थोर व्यक्तीच्या दृष्टीलाही मर्यादा असते आणि ती दाखवून देणे हाही इतिहासाचा धर्म आहे.

१९१६ च्या एप्रिलमध्ये लोकमान्य टिळकांनी बेळगाव येथे होमरूल लीग स्थापिली. सप्टेंबरात बेझंटबाईंची लीग उभी राहिली. दोघांनी कार्यक्षेत्रे वाटून घेतली आणि एकमेकांस पूरक काम केले. १९१७ च्या जूनमध्ये सरकारने बाईंना स्थानबद्ध केले. देशभर खळबळ उडाली. सप्टेंबरात सुटका झाली आणि डिसेंबरात त्या काँग्रेसच्या अध्यक्षा झाल्या. २० सप्टेंबर १९३३ रोजी अड्यार येथे त्यांचे देहावसान झाले.

न्यायालयाने दूर केलेली मुले मोठी झाल्यावर, स्वतः निर्णय घेण्याचा हक्क मिळताच, आपण होऊन आईकडे परतली. १८७८ च्या निर्णयाला त्यांनी दिलेले ते उत्तर होते. टॉवर हॅम्लेट्सच्या मतदारांचे उत्तर १८८८ मध्येच मिळाले होते. शाळेच्या समितीवर जो कोणी बसतो, त्याच्यापुढे इमारत, निकाल आणि हिशेब हे विषय नित्य येतात. कोणते मूल आज उपाशी आले, कोणाच्या घरी फी देणे जड आहे आणि कोणते मूल अजून शाळेच्या दाराबाहेरच उभे आहे, हे प्रश्न मात्र कोणीतरी मुद्दाम पटलावर ठेवावे लागतात. पहिले दोन प्रश्न ॲनी बेझंट यांनी लंडनच्या पटलावर ठेवले. तिसरा प्रश्न त्यांच्याकडून भारतात सुटला. तो पटलावर आणणारे हात याच भूमीतील होते.